दुसरं दळ

"आई, पहिलं दळ झालं, मग एकदम तिसरंच आलं. दुसरं कुठं गेलं?"

माझ्या सुनेनं, शुभांगीनं हे विचारलं तेव्हा माझ्या कानांवर हेडफोन होते, समोर तिचा माइक होता, आणि उजव्या हातातली पूजेची घंटा नुकतीच थांबली होती. हेडफोनमधून तिचा आवाज मला बाहेरून आल्यासारखा वाटलाच नाही. तो माझ्या डोक्याच्या आतूनच आला. इतकी वर्षं मी ही आरती म्हणते आणि हा प्रश्न मला मोठेपणी कधी पडला नाही, म्हणून की काय, जणू मीच मला विचारत होते. मी हेडफोन काढले. धाराशिवच्या आमच्या या मागच्या खोलीत शुभांगीनं भिंतीला दोन वाकळी टांगल्या आहेत, आवाज घुमू नये म्हणून. ती कुठल्या तरी क्लाससाठी इतिहासाचे धडे रेकॉर्ड करते. वाकळींमुळं खोलीत बोललेलं भिंतीला लागून परत येत नाही, जिथल्या तिथं पडतं. तिचा प्रश्नही तसाच पडून राहिला. मी म्हटलं, "दुसरं दळ बोलायचं नसतं गं. वाजवायचं असतं. म्हणून तिथं घंटा." सुनेनं मान हलवली, पण मोठ्यांच्या शब्दाला हलवतात तशी. पटल्यावर हलते ती मान वेगळी असते.

हे मला अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं सांगितलं होतं. येडशीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, देवळीसमोर बसून. मी लहान होते आणि हाच प्रश्न तेव्हा बहुतेक मीच विचारला असणार, म्हणूनच तर तिनं उत्तर दिलं. बेलाचं पान तीन दळांचं. पहिलं भक्ताचं, तिसरं देवाचं, आणि मधलं नादाचं. ते तोंडानं म्हणायचं नसतं. एवढं सांगून तिनं घंटा अशी काही वाजवली की माझ्या कानात किती तरी वेळ किणकिण राहिली. मला ते फार आवडलं होतं. आपल्या घरच्या आरतीत असं एक ठिकाण आहे जे बोलायचं नाही, याचा मला अभिमान वाटायचा. पुढं मी सासरी आले, नेमधर्म धरले, सकाळी इष्टलिंगाची पूजा होईपर्यंत कुणाशी शब्द न बोलण्याचं व्रत घेतलं, सोमवार धरले. त्या सगळ्याच्या मुळाशी ते मधलं दळ होतं असं मला वाटतं. लोक म्हणतात शिवलीलाबाई हळू बोलतात, त्यांचं ऐकायला पुढं वाकावं लागतं. मला वाटायचं, जे खरं आहे ते मोठ्यानं सांगायचं नसतंच.

आरती अप्पांची स्वतःची. माझे वडील, आमचे अप्पा, हणमंतप्पा, येडशी स्टेशनावर पॉइंट्समन होते, गाड्यांचे रूळ बदलून देणारे. रामलिंगाच्या दरीत जाऊन येऊन त्यांना ती सुचली. कागदावर कधी उतरवली नाही. दिवेलागणीला बऱ्याचदा ड्युटी असायची, म्हणून त्यांनी ती एका कॅसेटमध्ये भरून ठेवली. घरी नसले तरी घरात त्यांच्या आवाजात आरती व्हावी. एका बाजूला अर्धी, दुसऱ्या बाजूला अर्धी. पहिली बाजू "पहिलं दळ माझं देवा, पायापाशी लीन" इथं संपते. मग अव्वा उठायची, कॅसेट उलटवायची आणि घंटा वाजवायची, मग दुसरी बाजू सुरू व्हायची, "तिसरं दळ तुझं तुला, मग उरलं कोण." आम्ही भावंडं हात जोडून. बाहेर शंटिंगची शिट्टी झाली की मला वाटायचं, अप्पा तिकडं झेंडी दाखवत आहेत आणि इकडं गातही आहेत.

अव्वा कधीच गेली. आता अप्पांना लकवा झाला आहे. उजवी बाजू गेली, वाचा गेली. "हं" म्हणतात, आणि कधी कधी "बघ". एवढे दोनच शब्द राहिले. समजतं सगळं. येडशीला माझा धाकटा भाऊ मल्लिकार्जुन त्यांना सांभाळतो. दिवे लागले की अप्पांना ती कॅसेट लागते, ती ऐकल्यावरच ते घास घेतात. आणि मागच्या महिन्यात टेपनं कॅसेट खाल्ली. पट्टी बाहेर आली, आणि भावानं ती पेन्सिल घालून गुंडाळायला जाऊन पट्टीची एक कड चुरगाळून दुसऱ्या बाजूचं पार वाटोळं केलं. त्याचा फोन आला, "अक्का, अप्पा जेवना गेलेत. ताट लोटतेत. म्या गाऊन दाखवलं तर माझ्याकडं असं बघितलं की जणू म्या शिवीच दिली." मी म्हटलं, "तुझं गाणं ऐकून मी पण लोटलं असतं." तो हसला, पण फोन काही ठेवेना. मी त्याला शब्द दिला. पहिली बाजू वाचली आहे, ती काँप्युटरवर घेऊ, आणि पुढची मी म्हणेन. माझा आवाज अप्पांवर गेला आहे असं सगळेच म्हणतात. अप्पांच्या आवाजाला माझा आवाज जोडायचा, की ऐकताना सांधा कळू नये.

म्हणून या वयात मी हे शिकायला बसले. पडद्यावर आडवे पट्टे दिसतात, एकेका आवाजाचा एकेक पट्टा, त्याला ट्रॅक म्हणायचं. वरच्यावर अप्पा, खालच्यावर मी. आपल्या पट्ट्यावरचं लाल बटण आधी दाबून ठेवायचं. ते दाबलं नाही तर तो पट्टा ऐकतो सगळं, पण धरून काही ठेवत नाही. मी पहिल्यांदा आख्खं पद म्हटलं आणि पट्टा कोराच. शुभांगी म्हणाली, "होतं असं आई, माझा आख्खा पानिपत गेला होता." मग बटण दाबून म्हटलं, तर आवाज मोजणारी हिरवी काडी जागची हलेना. "आई, देवाला एवढ्यात ऐकू येतं. माइकला नाही येत." तिनं माझ्या आवाजाचं बटण फिरवून वाढवलं. तसं माझ्या आवाजासोबत घरातलं सगळंच वाढून आलं, स्वयंपाकघरातला कुकर, रस्त्यावरची रिक्षा, यांचं खोकणं, पेपरचं पान उलटणं. माझा आवाज या सगळ्याच्या पातळीवर आहे, हे मला त्या दिवशी कळलं. आणि बांगड्या. प्रत्येक ओळीला काचेचा किण्ण. शुभांगी पटकन बोलून गेली, "काढून ठेवा ना जरा," आणि लगेच जीभ चावली. सौभाग्याचं लेणं असं माइकसाठी उतरवत नाहीत, हे तिलाही ठाऊक आहे. तिनंच मग यांचे दोन हातरुमाल आणून माझ्या दोन्ही मनगटांना गुंडाळले. मी म्हटलं, "आता चोर पकडल्यासारखी दिसते." ती म्हणाली, "गाणाऱ्या चोराला कोण पकडतं."

पण सांध्यापाशी दरवेळी अडायचं. हेडफोनमध्ये अप्पा "पायापाशी लीन"ला येतात, थांबतात, आणि माझा हात आपोआप घंटेकडं जातो. घंटा वाजली की काडी उसळून लाल. पडद्यावर त्या जागी एक जाड काळा ठोकळा उमटतो, डोंगरासारखा, ज्याच्या आजूबाजूचं काही उरत नाही. "हे फाटलं आई. इतकं मोठं झालं की फाटतं, आणि फाटलेलं परत शिवता येत नाही. तिच्याखाली कुणी काही म्हटलं असेल तर ते मेलंच समजा." मग मी नुसतं म्हणून पाहिलं, घंटेशिवाय. जमेना. त्या रिकाम्या जागेत माझा श्वास अडकायचा. जिथं पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि पायरी नसावी. मी पुन्हा घंटा घेतली, आणि तेव्हाच शुभांगीनं ते विचारलं, दुसरं कुठं गेलं.

दुसऱ्या दिवशी तिनंच उत्तरही आणलं. चहा ठेवता ठेवता सहज म्हणाली, "मला वाटतं आई, टेप संपली असणार. ओळ अर्धवट राहिली. आणि आजी कॅसेट उलटवेपर्यंत घंटा वाजवायच्या, मध्ये शांतता नको म्हणून. मग तीच पद्धत पडली." तिच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. चहात साखर जास्त झाली का, हेही तिनं त्याच सुरात विचारलं. मी बरी आहे म्हटलं. पण सबंध दिवस ते सुटेना. मी भाजी निवडली, धान्याला पावडर लावली, आणि सारखं तेच. नादाचं दळ. जे बोलायचं नसतं. एक आख्खं आयुष्य मी त्या ठिकाणी मान खाली घातली, डोळे मिटले, माझ्या लेकराला शिकवलं, इथं बोलू नको सोमेश, इथं देव ऐकतो. आणि तिथं काय होतं, तर एक कॅसेट उलटवायची होती. मला अव्वाचा राग आला नाही. माझ्याच नेमांचा संशय आला, आणि ते जास्त वाईट होतं. सकाळचं माझं मौन, ते तरी कशावरची घंटा आहे? संध्याकाळी दिवा लावला, आरती म्हटली, आणि त्या जागी घंटा उचलली तर ती पितळेची लागली. म्हणजे ती पितळेचीच आहे, पण तशी कधी हाताला लागली नव्हती.

रात्र झाली, निजले, तरी डोळ्यांपुढं येडशीचं घर. अप्पा ज्या दिवशी घरी असायचे त्या दिवशी कॅसेट लागत नसे, ते स्वतः म्हणायचे. हे मला आठवलंच नव्हतं. निदान असं कधी आठवलं नव्हतं. ते म्हणायचे, आणि तरीही त्या जागी अव्वा घंटा वाजवायची. कॅसेट उलटवायची नसताना. उलट त्या दिवशी जास्तच जोरात वाजवायची, तोंड फिरवून, पदर पुढं ओढून. आणि अप्पा? ते थांबत नसत. घंटेच्या त्या कल्लोळात अप्पांचे ओठ हलत असत. मी ते पाहिलं आहे. निरांजनाच्या उजेडात त्यांच्या ओठांची हालचाल, आणि आवाज काही नाही, सगळा पितळेचा. ते काही तरी म्हणायचे. रोज. आणि घंटा थांबव, असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही.

सकाळी पूजा होईपर्यंत बोलता येत नव्हतं, तर ती पूजा मी कशी केली ते माझं मलाच माहीत. विभूतीची बोटं पुसत मी शुभांगीकडं गेले आणि म्हटलं, "टेप संपली होती का, ते बघता येतं का?" तिनं अप्पांचा पट्टा मोठा केला, आणखी मोठा, मुंगी भिंगाखाली धरतात तसा. "लीन"ची लाट विरत जाते, मग बारीक खसखस, आणि मग एक उभी रेघ. तिच्यापुढंही खसखस आहेच, बरीच. शुभांगी पुटपुटली, "टेप तर आहे की पुढं. संपली नाही आई. कुणी तरी बटण दाबलंय." तिनं बाकीचे पट्टे बंद केले, तो एकच ठेवला आणि तेवढाच तुकडा वाढवून मला ऐकवला. अप्पा श्वास घेतात. पुढची ओळ घ्यायला माणूस घेतो तसा, छाती भरून. आणि त्या श्वासावर, अगदी जवळ, काचेचा किण्ण. मग टक्.

मी माझ्या मनगटातल्या बांगड्यांकडं पाहिलं. शुभांगीला काही विचारायची गरज पडली नाही. "आजी," ती म्हणाली. एवढंच.

त्याच दिवशी आम्ही येडशीला गेलो. यांना म्हटलं, दोघी जाऊन येतो, तर म्हणाले, "सासू-सून एका स्कूटीवर? फोटो काढून पाठवा." लॅपटॉप माझ्या मांडीवर, माइकची पिशवी गळ्यात. घरी पोहोचलो तर ज्ञानेश्वरी, माझी भावजय, भाकरीचं पीठ मळलेल्या हातानंच दारात. "वन्सं, बघा की काय झालंय त्यांचं, निम्मे राहिले." अप्पा खिडकीजवळ बाजेवर, उशाला टेकून. मी पायाला हात लावला, त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "बघ." त्या एका शब्दात ते काय काय बोलतात ते ज्याचं त्यानं समजून घ्यायचं. शुभांगीनं माइक त्यांच्या तोंडापासून वीतभर लांब ठेवला. मल्लिकार्जुन मला बाजूला घेऊन म्हणाला, "अक्का, हे काय मांडलंय? त्येंला बोलता येत न्हाय. डॉक्टरनं सांगितलंय. उगं दुःख व्हईल त्येंला." मी म्हटलं, "मी म्हणणार आहे. ते नुसते बसू देत." हे खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं.

ज्ञानेश्वरीनं दिवा लावला आणि देवळीतली घंटा उचलली, अव्वाचीच. मी हात पुढं केला, "आज मला दे." पण मी ती वाजवायला घेत नव्हते. शुभांगीनं लाल बटण दाबलं. छोट्या स्पीकरवर अप्पांचा तरणा आवाज सुरू झाला. बाजेवरच्या अप्पांनी डोळे मिटले. दरीतल्या देवाची ओळ झाली, वरून गळणाऱ्या पाण्याची झाली, "बेलाचं पान एक, दळं त्याला तीन." मी घंटेचा लोळा मुठीत धरला. मोडणार होता तो नेम, मला सगळं कळत होतं. देवा, हे चुकत असेल तर माझ्या पदरात घाल, त्यांच्या नको. "पहिलं दळ माझं देवा, पायापाशी लीन." श्वास. किण्ण. टक्.

आणि घरात शांतता झाली. त्या जागी या घरात आजवर कधीच शांतता झाली नव्हती. भाकरीचा तवा तेवढा आतून तडतडत होता. अप्पांनी डोळे उघडले. घंटेकडं पाहिलं, माझ्या मुठीकडं, माझ्याकडं. मला वाटलं आता "हं" म्हणतील आणि संपेल. त्यांची छाती भरली. टेपमधली भरली होती तशी, इतक्या वर्षांनी तोच श्वास पुढं. तोंडाची एक बाजू वाकडी, त्यातून लाळ, आणि सूर मात्र सरळ.

"दुसरं दळ इरम्माचं, तिच्याविना मी हीन."

मल्लिकार्जुन उभा होता तो खालीच बसला. "अव्वाचं नाव," तो म्हणाला, "अप्पा, अव्वाचं नाव!" आम्ही ते नाव त्यांच्या तोंडून कधी ऐकलंच नव्हतं. हाक मारायचे ती अगं, ऐकलंस का, मल्लिकार्जुनची आई. फार तर तुझी अव्वा. तिचे सासरे, आमचे आजोबा, पडवीत बसलेले असायचे, भिंतीपलीकडं दुसऱ्या क्वार्टरची माणसं, आणि हा माणूस देवासमोर बायकोचं नाव घेतो, वर तिच्याविना मी हीन म्हणतो. तिनं काय करावं? बटण दाबलं. आणि ते घरी असले की घंटा. आणि लेकीनं विचारलं तेव्हा सुचलं ते सांगितलं, दुसरं दळ नादाचं असतं गं, बोलायचं नसतं. अव्वा, किती लाजलीस तू. आणि तू ऐकत होतीस की. घंटा तुझ्याच हातात, तूच सगळ्यात जवळ. सगळ्यांपासून झाकलंस आणि रोज स्वतः ऐकलंस.

अप्पा थांबले नव्हते. तिसऱ्या दळाला ते माझी वाट पाहत होते, डाव्या हातानं बाजेवर ताल धरून. मी म्हटलं, "तिसरं दळ तुझं तुला," आणि पुढं ते आणि मी, त्यांचे शब्द कुठं फुटत, कुठं नुसता सूर, मी खालून धरत गेले. आरती संपल्यावर शुभांगीनं डोळे पुसत काडीकडं बोट दाखवलं. माझा आवाज हिरव्यात छान वर आला होता. मला पत्ताच नव्हता. ज्ञानेश्वरी ताट घेऊन आली. अप्पांनी तोंड उघडलं. मल्लिकार्जुन भरवत होता आणि म्हणत होता, "खावा, खावा, गवय्ये," आणि अप्पा "हं" म्हणत होते. साधं बोलणं त्यांना नंतरही आलं नाही. ती ओळ मात्र येते. सुरावर बसली की येते.

परत आल्यावर शुभांगीनं सगळं नीट लावलं. आधी टेपमधले अप्पा, मग आत्ताचे, मग आम्ही दोघं. सांधा चांगलाच कळतो, एक तरणा आवाज आणि एक म्हातारा, मधून एक टक् गेलेला. तो टक् काढू का, असं तिनं विचारलं, मी राहू दे म्हटलं. मग तिनं शेवटी तेच विचारलं ज्याची मला भीती होती. "आणि घंटा? घालायची का आई तिथं, की नको?" अव्वानं जे जन्मभर झाकलं ते मी रोज दिवेलागणीला स्पीकरवर, शेजारपाजारच्या कानावर घालावं? तिला विचारता येत असतं तर तिनं पदर ओढून मान फिरवली असती, एवढं मला नक्की माहीत आहे. मी म्हटलं, "घंटा वेगळ्या पट्ट्यावर घे." मग आम्ही दोन केल्या. घरात लागते तिच्यात त्या जागी घंटा आहे, जोराची, काडी लाल होते अशी. शुभांगी म्हणाली, फाटतंय आई, मी म्हटलं, फाटू दे. दुसरीत घंटेचा पट्टा बंद आहे. ती अप्पांच्या हेडफोनसाठी. मल्लिकार्जुन सांगतो, बाहेर ज्ञानेश्वरी आरती लावते आणि आत अप्पा कानाला ते लावून बसतात, आणि त्या ओळीला भिंतीकडं तोंड करून हसतात. "लाजतेत गं अक्का," तो म्हणतो, "ह्या वयात."

माझं इथलं नेमानं चाललं आहे. सकाळी पूजा होईपर्यंत बोलत नाही. दिवेलागणीला आरती म्हणते, मधल्या दळापाशी येते, घंटा उचलते. ती पुन्हा पूर्वीसारखी हाताला लागते. जोरात वाजवते, पदर थोडा पुढं घेऊन. शुभांगी दारात उभी असते कधी कधी, पण तिलाही ऐकू येत नाही. घंटेच्या खाली, ओठांतल्या ओठांत, मी माझ्या आईचं नाव घेते.